मासे "इतकेच पकडा" असं ठरवता येतं का? कॅच लिमिटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासेमारीवर मर्यादा हा विषय निघाला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. उदाहरणं बरीचशी अमेरिका आणि कॅनडाची आहेत, कारण तिकडे हा प्रकार कायद्यात घालून, आकडे जाहीर करून, आणि काही ठिकाणी तोंडावर आपटून झालेला आहे. आपल्या किनाऱ्याचं शेवटाकडे येईल, घाई असेल तर सरळ तिकडे जा.

कॅच लिमिट म्हणजे मासेमारी बंदीच ना?

नाही. बंदी म्हणजे ठराविक दिवस बोट काढायचीच नाही, आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै असते तशी. कॅच लिमिट म्हणजे एका भागातली एक जात, वर्षभरात सगळ्यांनी मिळून किती टन उचलायची याचा आकडा. आकडा भरला की त्या जातीचा सीझन संपला, मग कॅलेंडरमध्ये ऑगस्ट असो की फेब्रुवारी.

जाळ्याच्या आसाचा (भोकाचा) आकार, इंजिनाची ताकद, बंदीचे दिवस हे सगळे नियम तुम्ही कसे पकडता याचे आहेत, किती पकडलंत याचा हिशोब त्यात कुठेच नाही. दोन महिने बंद ठेवलं आणि उरलेल्या दहा महिन्यांत बोटी वाढल्या, इंजिनं मोठी झाली, नवीन फिशफाइंडर आले, तर बंदी पाळूनही मासा पूर्वीपेक्षा जास्त उपसला जातो, आणि कोणीच नियम मोडलेला नसतो.

समुद्र एवढा मोठा आहे, मासे संपतील कसे?

न्यूफाउंडलंडच्या लोकांनाही असंच वाटायचं. कॅनडाच्या पूर्व टोकाला हे बेट आहे, आणि तिथला कॉड मासा जवळपास पाचशे वर्षं युरोपला पोटभर पुरला. १९५० नंतर मोठमोठे फॅक्टरी ट्रॉलर आले, जहाजावरच साफ करून फ्रीझ करणारे, आणि १९६८ मध्ये एका वर्षात तिथून सुमारे ८ लाख टन कॉड निघाला. मग पुढे घसरण. १९७७ ला कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द आखून परदेशी जहाजं बाहेर काढली, लोकांना वाटलं आता आपलंच राज्य, आणि देशी ट्रॉलर वाढवले.

लिमिट तेव्हाही होती हे लक्षात घ्या. नुसती लिमिट असून भागत नाही हेच तर या सगळ्यातलं मुख्य आहे. ऐंशीच्या दशकात किनाऱ्याजवळ छोट्या बोटींवर मासेमारी करणारे ओरडत होते की मासा कमी झालाय, बारीक झालाय. पण शास्त्रज्ञांच्या हिशोबात मोठ्या ट्रॉलरचे आकडे मिसळलेले होते आणि ते ठणठणीत दिसायचे, कारण कॉड कमी झाला की उरलेला एका जागी गोळा होतो, ट्रॉलरकडे सोनार, ते बरोबर त्या थव्यावर जाऊन जाळं भरून आणायचे. समुद्र रिकामा होत होता आणि जाळं भरलेलं. १९८९ च्या सुमारास शास्त्रज्ञांचे डोळे उघडले, त्यांनी सांगितलं १,२५,००० टनांवर आणा, सरकारने लिमिट ठेवली २,३५,००० टन. का, तर कारखाने बंद पडतील, मतदारसंघ पेटेल.

२ जुलै १९९२ ला मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी मासेमारी पूर्ण बंद केली. ते स्वतः न्यूफाउंडलंडचे. आदल्या दिवशी चिडलेल्या गर्दीसमोर ते म्हणाले होते की पाण्यातले मासे काय मी काढले नाहीत. सुमारे ३०,००० लोकांचं काम गेलं. दोन वर्षांसाठी म्हणून केलेली ती बंदी २०२४ मध्ये उठली, तीही १८,००० टनांच्या लिमिटवर, आणि तेव्हाही बऱ्याच जणांनी टीका केली की घाई होतेय.

पाण्यातले मासे मोजले कोणी? आकडा येतो कुठून?

हा प्रश्न कोळीवाड्यात विचारा नाहीतर बॉस्टनच्या धक्क्यावर, टोन सेम असतो.

सगळे मासे कोणी मोजत नाही, अंदाज बांधतात, पण अंदाज बांधायची पद्धत पक्की असते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर १९६३ पासून दरवर्षी सरकारी जहाज सर्व्हे करतं. जाळं तेच, वेग ठरलेला, वेळ ठरलेली, जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या. मासेमार हसतात की अरे जिथे मासाच नाही तिथे जाळं टाकतात हे शहाणे. पण तेच तर हवंय, मासा जिथे हमखास मिळतो तिथेच गेलं की न्यूफाउंडलंडसारखी फसगत होते. एका वर्षाच्या आकड्याला फार किंमत नाही, तीस चाळीस वर्षांची रांग लावली की चढ-उतार दिसतो.

दुसरी गोष्ट वयाची. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, पांढरे खडे असतात. घोळ किंवा धोमा साफ करताना तुम्ही पाहिले असतील, चांगले मोठे असतात. हा खडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, थंड प्रदेशातल्या माशात साधारण वर्षाला एक. शेकडो माशांचे खडे वाचले की समजतं साठ्यात (म्हणजे एका भागातल्या त्या जातीच्या एकूण माशांत) म्हातारे किती, तरणे किती, पिल्लं किती. सगळे दोन-तीन वर्षांचेच निघाले आणि दहा वर्षांचा एकही नाही, तर समजायचं उपसा जास्त होतोय, मासा मोठा व्हायच्या आत उचलला जातोय.

तिसरं म्हणजे धक्क्यावर उतरलेल्या माशांचे कागद. हे तिन्ही एकत्र करून गणित मांडतात आणि त्यातून निघतं की या साठ्यातून दरवर्षी जास्तीत जास्त किती काढलं तर तो टिकेल.

चुका होतात का? होतात. २००२ मध्ये न्यू इंग्लंडच्या (म्हणजे अमेरिकेच्या याच ईशान्य किनाऱ्याच्या) मासेमारांच्या लक्षात आलं की सर्व्हेच्या जहाजावर जाळं ओढायच्या तारांवरच्या खुणाच चुकीच्या आहेत, एका बाजूची तार दुसरीपेक्षा लांब सुटते, म्हणजे जाळं तिरकं ओढलं जातंय. केवढा गदारोळ झाला. नंतर तपासलं तर निकालावर फारसा परिणाम झालेला नव्हता, पण विश्वास गेला तो गेला, आजही तिकडचे लोक ते उकरून काढतात. मला विचाराल तर मासेमारांनी अशा चुका काढत राहणं चांगलंच आहे, तार बघायला तेच लायक.

मग शेवटचा आकडा कोण ठरवतो?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि लोक नेमका हाच सोडून बाकीचं सगळं विचारतात.

अमेरिकेत १९७६ चा मॅग्नुसन कायदा आहे (नंतर स्टीव्हन्स या सिनेटरचंही नाव जोडलं). त्याखाली आठ प्रादेशिक कौन्सिलं आहेत, त्यात राज्यांचे अधिकारी असतात, मासेमारी करणारे असतात, हौशी गळवाले असतात. म्हणजे ज्यांच्यावर नियम लागणार त्यातलेच काही जण टेबलावर बसतात. ऐकायला लोकशाही छान वाटते, पण वर्षानुवर्षं झालं असं की शास्त्रज्ञ एक आकडा सांगायचे आणि कौन्सिल थोडा वाढवायची. थोडं यावर्षी, थोडं पुढच्या वर्षी.

२००६ मध्ये संसदेने कायदा बदलला, जानेवारी २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केली. त्यानंतर प्रत्येक कौन्सिलच्या शास्त्रीय समितीने जी वरची मर्यादा सांगितली तिच्या वर कौन्सिलला जाताच येत नाही. खाली जा, हवं तेवढं खाली जा. वर नाही. शिवाय दरवर्षीची लिमिट सक्तीची झाली, जिथे जास्त उपसा चालू होता तिथे २०१० पर्यंत आणि बाकी सगळीकडे २०११ पर्यंत. सूट फक्त जेमतेम वर्षभर जगणाऱ्या कोळंबीसारख्या जातींना आणि आंतरराष्ट्रीय करारात येणाऱ्यांना.

आकडा उतरत कसा जातो ते बघा. समजा गणित म्हणालं की १००० टनांच्या वर गेलात तर साठ्याचं नुकसान. शास्त्रीय समिती म्हणते आमच्या अंदाजात चूक असू शकते, म्हणून ८५० धरा. कौन्सिल म्हणते या बोटींची मोजणी नीट होत नाही, हौशी लोक किती पकडतात ते महिन्यांनी समजतं, तर आपण ८०० ठेवू. मग ८०० हीच त्या वर्षाची लिमिट. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत.) आणि ८०० ओलांडले तर काय हेही आधीच लिहिलेलं असतं, म्हणजे सीझन मध्येच बंद, किंवा जेवढं जास्त उचललं तेवढं पुढच्या वर्षीच्या लिमिटमधून वजा.

कॅनडात १९८९ ला मंत्र्याला १,२५,००० चे २,३५,००० करता आले. अमेरिकेत तो दरवाजाच कायद्याने बंद केलाय. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात कामाची ओळ हीच आहे. लिमिट नावाचा आकडा जगात बऱ्याच देशांकडे आहे, तो वाढवायला कोणाला मनाई आहे हे विचारा, मग समजतं ती खरी आहे की कागदावरची.

ओव्हरफिशिंग चालू आहे आणि साठा ओव्हरफिश्ड आहे, हे एकच ना?

नाही, आणि बातम्यांत सर्रास गोंधळ होतो. पहिलं म्हणजे आत्ता, यावर्षी, प्रमाणाबाहेर उपसा चालू आहे. दुसरं म्हणजे साठा आधीच खाली गेलेला आहे. उपसा थांबवला तरी साठा लगेच वर येत नाही, त्यामुळे एखाद्या जातीचं ओव्हरफिशिंग बंद झालेलं असतं आणि तरी ती यादीत ओव्हरफिश्ड म्हणूनच राहते. २०२३ च्या सरकारी अहवालात अमेरिकेतल्या ९४ टक्के साठ्यांवर जास्तीचा उपसा होत नव्हता, पण खाली न गेलेले साठे ८२ टक्के होते. मधला फरक हा असा.

साठा परत भरायला किती वर्षं लागतात?

माशावर अवलंबून. अमेरिकन कायदा म्हणतो की शक्य तितक्या लवकर आणि साधारण १० वर्षांच्या आत, पण जीवशास्त्रच परवानगी देत नसेल तर जास्त. साठा खाली गेल्याचं जाहीर झालं की दोन वर्षांत योजना लागू करावी लागते.

पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया ते वॉशिंग्टन, रॉकफिश नावाच्या माशांच्या डझनावारी जाती आहेत. यातला यलोआय रॉकफिश शंभर वर्षांच्या वर जगतो. म्हणजे बोटीवर आलेला एखादा मासा तांडेलाच्या आजोबांच्या वयाचा. असा मासा उशिरा वयात येतो, हळू वाढतो, एकदा संपवला की दहा वर्षांत काय होणार? २०११ च्या योजनेत त्याचा साठा भरायचं साल चक्क २०७४ धरलं होतं. नंतर नवीन मोजणीत परिस्थिती बरीच बरी निघाली आणि ते साल खूप अलीकडे आलं. त्याच किनाऱ्यावरचा कॅनरी रॉकफिश २००० मध्ये खालावलेला जाहीर झाला होता, २०१५ मध्ये भरल्याचं जाहीर झालं. बोकॅसियो, हाही रॉकफिशच, १९९९ ते २०१७. पण मधली वर्षं तिथल्या बंदरांनी कशी काढली ते विचारू नका, २००० मध्ये सरकारनेच या मासेमारीला आपत्ती घोषित केलं होतं, बोटी विकल्या गेल्या, कारखाने बंद पडले. मासा परत आला तेव्हा काही ठिकाणी तो पकडायला आणि साफ करायला माणसंच उरली नव्हती, आणि गिऱ्हाईक तोपर्यंत तिलापियाकडे वळलेलं. साठा भरला म्हणजे धंदा आपोआप भरला असं होत नाही.

सगळ्यांची मिळून एकच लिमिट असेल तर जो आधी पळेल तो जास्त नेणार ना?

अगदी. अलास्कातल्या हॅलिबट माशाचं हेच झालं. एकूण लिमिट होती, कोणी किती न्यायचा ते ठरलेलं नव्हतं, मग बोटी वाढत गेल्या आणि सीझन आखूड होत गेला. नव्वदच्या सुरुवातीला मोठ्या भागांत वर्षातून दोन-तीन वेळा चोवीस चोवीस तासांसाठी मासेमारी उघडायची. लग्नात बुफे उघडल्यावर होते तशी झुंबड, फक्त इथे अलास्काचा समुद्र आणि थंडी. वादळ असलं तरी जायचं कारण आज नाही गेलं तर वर्ष गेलं. लोक बुडायचे. आणि सगळा मासा एकाच दिवशी धक्क्यावर, मग भाव पडायचा आणि बहुतेक माल फ्रीझरमध्ये.

१९९५ पासून एकूण लिमिटचे हिस्से बोटमालकांना वाटून दिले, आधी किती पकडत होतात त्या हिशोबाने. तुझा हिस्सा अमुक टक्के, वर्षभरात सवडीने पकड. सीझन चोवीस तासांवरून सुमारे आठ महिन्यांवर गेला. ताजा हॅलिबट बाजारात महिनोन्महिने मिळायला लागला, भाव सुधारला, वादळात जायची गरज राहिली नाही.

म्हणजे कोटा मोठ्या मालकांच्या खिशात, छोटा माणूस बाहेर?

हो, ही भीती खरी आहे आणि जे लोक हे नाकारतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. हॅलिबटच्या वाटपात हिस्से मालकांना मिळाले, वीस वीस वर्षं त्याच बोटीवर राबलेल्या खलाशांना काहीही नाही. त्यानंतर ज्याला धंद्यात यायचं त्याला आधी हिस्सा विकत घ्यायला लागतो, आणि तो स्वस्त नसतो. आइसलंडमध्ये कॉडचा कोटा १९८४ पासून आहे, विकायची मुभा आल्यावर छोट्या गावांतला कोटा मोठ्या कंपन्यांकडे गेला, काही गावांत बंदर राहिलं आणि मासा उतरेनासा झाला. तिथल्या राजकारणात हा आजही भांडणाचा विषय आहे.

उपाय आहेत, पण ते वाटपाच्या पहिल्या दिवशीच घालावे लागतात, नंतर कोणी सोडत नाही. एका माणसाकडे किती टक्क्यांच्या वर हिस्सा नको, हिस्सेदाराने स्वतः बोटीवर हजर राहिलं पाहिजे, असले नियम. अलास्कात १९९२ पासून बेरिंग समुद्रालगतच्या ६५ गावांसाठी लिमिटमधला वाटा बाजूला काढून ठेवलाय, पोलॉक माशाच्या लिमिटपैकी १० टक्के त्यांचे. न्यूझीलंडने १९८६ मध्ये कोटा आणला तेव्हा माओरी लोक कोर्टात गेले, १९९२ च्या समझोत्यात त्यांना एका मोठ्या मासेमारी कंपनीची निम्मी मालकी आणि पुढे कोट्यात येणाऱ्या नव्या जातींचा २० टक्के हिस्सा मिळाला. भांडल्यावर मिळाला, आपण होऊन कोणी दिला नाही.

चोरी करतीलच की. कोण बघणार समुद्रात?

करतात. म्हणून बोटीवर ऑब्झर्व्हर, कॅमेरे, सॅटेलाइट ट्रॅकर, आणि धक्क्यावर दोन बाजूंचे कागद. बोटवाला लिहितो मी एवढं आणलं, खरेदी करणारा लिहितो मी एवढं घेतलं, दोन्ही जुळले पाहिजेत.

आता न्यू बेडफर्ड या न्यू इंग्लंडमधल्या बंदराची केस ऐका. तिथल्या एका बड्या बोटमालकाकडे ताफा पण होता आणि मासे विकत घेणारी कंपनी पण त्याचीच. मग काय, बोट त्याची, खरेदीदार तोच, दोन्ही कागद एकाच टेबलावर लिहिले जाणार आणि छान जुळणार. लिमिट कमी असलेला मासा कागदावर हॅडॉक (कॉडच्या जवळचा मासा) व्हायचा, कारण हॅडॉकची लिमिट भरपूर होती. साडेसात लाख पौंडांहून जास्त माशांची अशी खोटी नोंद निघाली आणि २०१७ मध्ये त्याला ४६ महिन्यांची शिक्षा झाली. पकडला कसा? टॅक्सवाल्यांचे लोक धंदा विकत घेणारे बनून गेले आणि त्याने स्वतःच फुशारकीने सगळं सांगितलं. मत्स्यखात्याच्या नोंदींमध्ये सगळं जुळतच होतं.

जाळ्यात नको तो मासा आला तर?

येतोच, जाळं विचारून घेत नाही. पश्चिम किनाऱ्यावर यलोआयची लिमिट इतकी बारीक होती की चुकून एखादा मोठा थवा लागला तरी बोटीचं वर्ष संपलं, बाकीच्या माशांचा कोटा पडून राहिला तरी. त्यावर तिथल्या काही लोकांनी आपले हिस्से एकत्र करून ठेवले, आणि कुठे यलोआय लागतोय ते एकमेकांना सांगायला लागले. मासेमार आपली जागा दुसऱ्याला सांगतो ही केवढी मोठी गोष्ट आहे ते धंद्यातल्यांना समजेल.

युरोपात उलटं झालं होतं, लिमिट संपली की वरचा मासा मेलेलाच समुद्रात फेकून द्यायचा आणि कागदावर काही नाही. २०१५ ते २०१९ मध्ये टप्प्याटप्प्याने तिकडे नियम आला की कोटा असलेल्या जातींचं जे पकडलं ते धक्क्यावर आणायचंच. पाळतात किती यावर शंका घ्यायला जागा आहे.

या सगळ्याने कुठे फरक पडला का, की नुसती कागदपत्रं?

पडला. अमेरिकेत २००० पासून २०२३ पर्यंत ५० साठे परत भरले. आणि मला सगळ्यात आश्चर्य वाटतं ते अटलांटिक ब्लूफिन टूनाचं, जपानच्या बाजारात सोन्याच्या भावाने जाणारा मासा, पन्नासेक देशांची कमिशन, कोणाचंच कोणाशी पटत नाही, सगळ्यांनी लिहून टाकलं होतं की हा गेला. पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रासाठी लिमिट २००७ मध्ये २९,५०० टन होती, आणि खरा उपसा त्याहून खूप जास्त. ती २०११ साठी १२,९०० वर आणली, सोबत कडक नोंदी. साठा सुधारला, लिमिट २०२० पर्यंत ३६,००० झाली, २०२१ मध्ये तो मासा धोक्यातल्या यादीतून थेट सगळ्यात कमी काळजीच्या यादीत गेला. पश्चिमेकडचा साठा मात्र अजून पूर्वीसारखा नाही.

अपयशं पण आहेत. न्यू इंग्लंडचा कॉड हे मोठं अपयश. आधीची मोजणी जास्तच आशावादी निघाली, २०१३ मध्ये मेनच्या आखातातल्या कॉडची लिमिट एका फटक्यात ७७ टक्के कापावी लागली, पाणी तापतंय, आणि तो कॉड अजून वर आलेला नाही.

लिमिट पाळूनही मासा गेला असं होतं का?

होतं. अलास्काचा स्नो क्रॅब. चांगला सांभाळलेला, लिमिट पाळलेली, आणि २०१८ ते २०२१ मध्ये अब्जावधी खेकडे गायब. समुद्र तापला होता, गरम पाण्यात खेकड्याला जास्त खायला लागतं, उपाशी मेले असं पुढे संशोधनात आलं. २०२२ मध्ये तिथला सीझन इतिहासात पहिल्यांदा बंद ठेवला. केरळच्या तारलीचं बघा, २०१२ मध्ये उच्चांक आणि २०२१ मध्ये जेमतेम ३,३०० टन, मग पुन्हा वर, यात समुद्राच्या हवामानाचा हात मोठा. माणसाच्या हातात एकच गोष्ट आहे, किती उचलायचं, आणि मासा अडचणीत असताना ती लवकर कमी करता आली पाहिजे.

आपल्याकडे कॅच लिमिट का नाही?

आता आलो घरी. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०२१ मध्ये सुधारला, दंड वाढवले. ६१ दिवसांची बंदी आहे, पर्ससीनवर (थव्याला गोल वेढून आवळायचं मोठं जाळं) बंधनं आहेत, एलईडी लावून मासेमारी करायला मनाई आहे (रात्री किनाऱ्यावरून बघा आणि किती पाळली जाते ते तुम्हीच ठरवा). २०२३ मध्ये ५४ जातींना किमान लांबी ठरवली, पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पकडायचा नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. पण अमुक जातीचे इतके टन, असा आकडा नाही.

कारणं खरी आहेत. अलास्काच्या ट्रॉलरमध्ये बहुतेक सगळा पोलॉक येतो, आपल्या एका डोल जाळ्यात बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, पापलेटची पिल्लं, सगळं एकत्र येतं. प्रत्येकाला वेगळी लिमिट लावली तर सगळ्यात कमी लिमिटवाल्या माशावर सगळ्यांचा सीझन अडकणार. आणि मोजायचं कुठे? देशात मासे उतरायच्या जागा बाराशेच्या वर, बऱ्याच ठिकाणी होडी वाळूवरच ओढतात आणि लिलाव टोपलीवर होतो, वजनकाटा दिसतच नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक निवडक बंदरांवर जाऊन नमुना घेतात आणि त्यावरून अंदाज काढतात, २०२३ साठी देशाचा आकडा ३५.३ लाख टन. देशाचा कल समजायला हे पुरतं, पण ऑक्टोबरमध्ये एका जिल्ह्यातला पापलेट बंद करायचा असेल तर नाही पुरत.

याच संस्थेने २०२२ मध्ये तपासलेल्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के ठीक असल्याचं सांगितलं. कोळीवाड्यात हे वाचून दाखवलं तर लोक चहाचा कप खाली ठेवून हसतील. मला दोन्ही खरं असू शकतं असं वाटतं, एकूण मासा तग धरून असेल पण बोटी इतक्या वाढल्यात की एकेकाच्या वाट्याला कमी येतं, डिझेल जास्त लागतं, लांब जावं लागतं. साठ्याचा आकडा बोटीचा हिशोब सांगत नाही.

मग आपल्यासाठी काय चालेल?

सगळ्या माशांना नको. दोन-तीन महागड्या जातींपासून सुरुवात करता येईल, ज्या मोठ्या बंदरांतून आणि ठराविक व्यापाऱ्यांमार्फतच जातात. पापलेट, सुरमई, घोळ. निर्यातीच्या मालाचे कागद तसेही होतात. सातपाटीसारख्या ठिकाणी पापलेट सोसायटीमार्फत विकायची जुनी सवय आहे, म्हणजे मोजणीची सुरुवात तिथून होऊ शकते, इन्स्पेक्टर नेमायची वाट बघायला नको. कोकणात भरतीच्या वेळी समुद्रात कोण कुठे काय पकडतंय हे खात्यापेक्षा सोसायटीला जास्त माहीत असतं. आणि बोटींची संख्या गोठवल्याशिवाय यातलं काही करू नये, नाहीतर हॅलिबटची झुंबड इथे होईल आणि जिंकेल तो सगळ्यात मोठं इंजिनवाला. पारंपरिक होड्यांचा वाटा आधी बाजूला काढायचा, उरलेल्यात यांत्रिक बोटींनी भांडायचं, या क्रमात बदल नको.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हा विषय आपल्यापर्यंत आलेलाच आहे. हिंदी महासागरातल्या पिवळ्या पंखाच्या टूनासाठी तिथल्या कमिशनने मर्यादा घातल्या, २०२१ च्या ठरावाला भारताने हरकत घेतली, म्हणणं असं की साठा खाली नेला लांबून आलेल्या मोठ्या ताफ्यांनी आणि कपात आमच्या छोट्या लोकांना का. मुद्दा बरोबर आहे. पण आपण किती पकडतो याची पक्की नोंद टेबलावर ठेवता आली तर तो जास्त जोरात मांडता येतो.

मी फक्त खाणारा आहे, मला काय त्याचं?

तळहाताएवढा पापलेट स्वस्त म्हणून घेऊ नका, एवढं पुरे. गाभोळीचा मासा खायचा की नाही यावर घराघरात वाद आहेत, त्यात मी पडत नाही.

पुण्यात मॉलमध्ये नॉर्वेचा साल्मन मिळतो, त्याला पण लिमिट असते का?

तो पिंजऱ्यात वाढवलेला असतो, त्यामुळे ही लिमिट त्याला लागू नाही. पण साल्मनला खायला घालतात त्या खाद्यात फिशमील (सुक्या माशाचा भुगा) आणि माशाचं तेल असतं, आणि जगातला त्याचा सगळ्यात मोठा पुरवठा पेरूच्या अँकोव्हेटा या बोटभर माशातून होतो. त्याला लिमिट आहे, २००९ पासून प्रत्येक बोटीचा हिस्सा ठरलेला. त्याआधी १९७० मध्ये एका वर्षात १ कोटी २० लाख टनांच्या वर उपसा झाला होता आणि दोनच वर्षांनी एल निनो (तिथलं समुद्राचं पाणी तापतं तो प्रकार) आल्यावर सगळं कोसळलं. २०२३ मध्ये पुन्हा पाणी तापलं, मोजणीत पिल्लं फार जास्त निघाली, तेव्हा पेरूने वर्षाचा पहिला सीझनच रद्द केला, आणि फिशमीलचे भाव जगभर चढले.